गच्चीवरचं रॉक, शेडमधला बेंजो

मे महिन्यात धुळ्यात रात्री अकरा वाजताही भिंतींना हात लावला तर चटका बसतो. घरात झोप लागणं अशक्य, म्हणून अख्खी गल्ली गच्चीवर जाते. आधी दोन बादल्या पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या. २००५-०६ च्या सुमारास त्यात भारनियमनाची भर पडली होती. दिवे गेले की सगळं गाव एकदम काळं व्हायचं आणि आकाशात चांदण्या दाटून यायच्या. माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारा वॉकमन होता आणि कॅसेट होती पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची. १९७३ चा हा अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा आहे. सेल उतरायला लागले की टेप मंद व्हायची आणि गायकाचा आवाज खाली खाली जायचा. तेही मला गाण्याचाच भाग वाटायचं.

अशाच एका रात्री लांब कुठेतरी हळदीचा बँड चालू होता. जनरेटरवर. भोंग्यातून येणारा की-बोर्डचा सूर वाऱ्याबरोबर जवळ यायचा, लांब जायचा, फाटायचा. मी एका कानातला इअरफोन काढला. उजव्या कानात फ्लॉइडचा ऑर्गन, डाव्या कानात हळदीतला. किती वेळ तसाच पडून होतो आठवत नाही. शेजारच्या गादीवरून काकांनी विचारलं, “काय ऐकी राहिना रे भो एवढ्या रातले?” मला उत्तर देता आलं नाही.

आज वीस वर्षांनी ते देण्याचा प्रयत्न करतो आहे. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला इंडी आणि सायकेडेलिक रॉकचं वेड लागतं ते कसं, तो ते कशावर जगवतो, आणि एवढ्या वर्षांत त्या वेडातून इथला म्हणावा असा आवाज का उभा राहिला नाही, असा हा प्रश्न आहे.

आधी दोन शब्दांचा हिशेब करून टाकू. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चं लाडाचं नाव. त्याचा इंडियाशी संबंध नाही, जरी आपल्याकडे बऱ्याच जणांना तसं वाटतं. मोठ्या कंपनीकडे न जाता स्वतःच्या पैशांनी रेकॉर्ड करायचं, स्वतःच छापायचं, स्वतःच विकायचं, एवढाच मूळ अर्थ. इंग्लंडमधल्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची छोटी रेकॉर्ड उसनवारीच्या पैशांतून काढली, तिथून ही वाट रुळली असं मानतात. पुढे इंडी हा एक बाज झाला, एक विशिष्ट गिटारचा आवाज झाला, आणि मूळ अर्थ मागे पडला. मला तो मूळ अर्थच महत्त्वाचा वाटतो.

‘सायकेडेलिक’ मात्र आवाजाचं नाव आहे. १९६५ ते ६७ या काळात अमेरिका आणि इंग्लंडमधल्या बँडना वाटू लागलं की गाणं म्हणजे तीन मिनिटांत सांगून संपवायची गोष्ट नसून आत शिरून राहायची जागा आहे. मग गिटारचा सूर मुद्दाम फाडला गेला, टेप उलटी वाजवली गेली, प्रतिध्वनी थरावर थर चढवला गेला, एकच स्वर लांबवला गेला. हा लांबवलेला स्वर त्यांनी आपल्याकडून उचलला. बीटल्सच्या १९६६ च्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये अख्खं गाणं एका स्वराच्या पायावर उभं आहे आणि त्यात तंबोरा वाजतो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून शिवकुमार शर्मा यांच्यासारख्या वादकांकडून ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत वाजवून घेत होता. म्हणजे या संगीताची अर्धी नाळ आपल्याच बाजूला आहे. हे माहीत असूनही आपल्याकडचा रॉकप्रेमी मुलगा घरात अपराध्यासारखा ऐकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रात हे वारं वेळेवर आलं होतं. एका सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या सिमला बीट स्पर्धेतल्या बँडच्या लाँग प्ले रेकॉर्ड १९७० आणि ७१ साली निघाल्या. देशभरातली पोरं त्यांत सूर फाडणारा फझ लावलेल्या गिटारी वाजवताना ऐकू येतात. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा उघड्या मैदानावरचा संगीत मेळा भरला. अमेरिकेत वुडस्टॉक होऊन दोनच वर्षं झाली होती. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडचा एकमेव अल्बम कितीतरी वर्षांनी परदेशी संग्राहकांनी शोधून पुन्हा छापला. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ साली या सगळ्या पिढीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मराठीत तेवढ्या तोडीचं काही माझ्या वाचनात आलेलं नाही आणि ते असायला हवं होतं, कारण त्या पिढीच्या मध्यभागी एक मराठी माणूस उभा होता.

नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. म्हणजे घर मराठी रंगभूमीचं, आणि मुलगा इंग्रजी रॉक गातो. सॅव्हेज एन्काउंटर, व्हेल्वेट फॉग अशा बँडमधून तो गायला. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत केलं, त्यात ज्युडास नंदू भेंडे होता. चारच वर्षांनी पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तोच माणूस मराठी प्रेक्षकांसमोर आला. रॉकचा गळा मराठी शब्दांना लावला तर काय होतं, हे तिथे हजारो लोकांनी कानांनी ऐकलं. आणि १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ खान्देशातल्या प्रत्येक बँडने वाजवलं असेल. तो आवाजही त्याचाच. २०१४ साली तो गेला. मराठी रॉक का झालं नाही असं कोणी विचारलं, की मी हे नाव सांगतो. झालं होतं. आपण त्याला रॉक म्हणून ओळखलं नाही, नाटक म्हणून टाळ्या दिल्या, सिनेमा म्हणून शिट्ट्या मारल्या.

मुंबईचं पुढचं सगळं लोकांना माहीत आहे: १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक, धोबी तलावचं रंगभवन, रॉक मशीन हा बँड आणि १९९३ मध्ये त्याचं इंडस क्रीड होणं. यातलं काहीही कसारा घाट चढून आमच्याकडे आलं नाही. आलं ते उलट्या दिशेने. त्याच १९९३ साली अमित सैगल या माणसाने ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक चक्क अलाहाबादहून सुरू केलं. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद. मुंबईहून अलाहाबादला जाणारा रूळ जळगाव-भुसावळवरूनच जातो, त्यामुळे मला हे मासिक नेहमी आपल्याच लाइनीवरचं वाटत आलं. गंगेकाठच्या एका शहरात बसून देशभरच्या बँडना एकमेकांची ओळख करून देता येते, ही गोष्ट त्या काळच्या लहान गावातल्या वाचकाला केवढा धीर देणारी होती हे मोठ्या शहरातल्या माणसाला कळणार नाही.

खान्देशात हे संगीत पोहोचलं त्याचा पहिला टप्पा सिनेमा. १९७१ चं ‘दम मारो दम’ टॉकीजमध्ये वाजलं तेव्हा भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकणाऱ्याला हे सायकेडेलिक आहे असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. मग कॅसेट. मग १९९०च्या दशकात केबलवर आलेलं चॅनेल व्ही आणि एमटीव्ही. शेजारच्या घरी रात्री उशिरा आवाज बारीक करून पाहिलेलं. मग एका सीडीत दीडशे गाणी भरलेल्या एमपीथ्री.

आणि मग मेमरी कार्ड. या काळाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आमच्या भागातल्या ऐकणाऱ्यांची एक पिढीच या कार्डावर घडली. २००८ ते २०१५ या वर्षांत जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मोबाइलच्या दुकानात जायचं, कार्ड काढून द्यायचं आणि ‘गाणी भरून द्या’ म्हणायचं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फोल्डर असत: नवीन हिंदी, जुने हिंदी, मराठी, अहिराणी, भक्ती, डीजे, आणि सगळ्यात शेवटी ‘इंग्लिश’. या शेवटच्या फोल्डरमध्ये ब्रायन ॲडम्स, बॅकस्ट्रीट बॉइज, एकॉन आणि नाव नसलेल्या पंधरावीस फायली. मला टेम इम्पाला पहिल्यांदा भेटला तो ‘ट्रॅक ०४’ या नावाने. कोणी त्या दुकानात आपला पेन ड्राइव्ह लावला असेल आणि त्यातून ती फाइल मागे राहिली असेल. हा बँड नेमका कोणाचा हे कळायला मला पाच महिने लागले. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, सगळ्यांपासून लांब पडलेल्या पर्थ शहरातला केविन पार्कर हा तरुण जवळजवळ सगळी वाद्यं एकट्याने वाजवून हे रेकॉर्ड करतो, हे वाचलं तेव्हा मी धुळे-जळगाव बसमध्ये होतो, पारोळ्याच्या पुढे. ‘लोनरिझम’ हे त्या २०१२ च्या अल्बमचं नाव. नव्वदेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर तेव्हा खड्डे इतके होते की अल्बम दोनदा पूर्ण व्हायचा.

अशी फाइल मागे सोडून गेलेल्याला शोधायचं कसं, हा त्या काळातला मोठाच प्रश्न. गावात अजून कोणीतरी हे ऐकतो आहे एवढं त्या फाइलीवरून कळायचं, माणूस कळायचा नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फोल्डर संपले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. आता रावेरच्या केळीच्या मळ्यात पाण्याची पाळी देत बसलेला मुलगा खुर्आंगबिन हा बँड ऐकू शकतो, ऐकतोही. त्याला ट्रॅक ०४ चं कोडं पडत नाही. पण शेजारच्या गावात दुसरा कोण ऐकतो हे त्यालाही कळत नाहीच, आणि या बाबतीत कार्डाच्या काळापेक्षा आपण फार पुढे आलेलो नाही.

माणसं भेटायची ती मैफलीत, आणि मैफल कायम परगावी. डिसेंबर २००९ मध्ये पोर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश बँड आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजला. त्याच्या पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१० मध्ये, पुण्यात एनएच-७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि आमच्यासाठी पंढरीची वाट उघडली. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. वर्षभर पैसे साठवायचे, सुट्टी काढायची, तिकिटाचे पैसे आणि प्रवासाचे पैसे वेगळे ठेवायचे, मुक्काम कोणा मित्राच्या खोलीवर. रात्री दहाला कायद्याप्रमाणे आवाज बंद झाला की पुणे स्टेशनला पळायचं. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात जागा मिळाली तर मिळाली. सकाळी जळगावला उतरताना कानात अजून शिट्टी वाजत असायची. अशाच एका परतीच्या प्रवासात समोरच्या बाकावर एकाच्या मनगटावर माझ्यासारखाच वीकेंडरचा कापडी पट्टा दिसला. तो अमळनेरचा निघाला. आम्ही मनमाडपासून जळगावपर्यंत परवाझबद्दल बोलत होतो.

परवाझ हे नाव इथे मुद्दाम घेतो. बंगळुरूचा हा बँड, त्यातले मूळ दोघे मित्र काश्मीरचे. २०१४ चा त्यांचा ‘बारां’ अल्बम उर्दू आणि काश्मिरीत आहे, आणि भारतातल्या सायकेडेलिक रॉकचा तो माझ्या मते सर्वांत पक्का नमुना आहे. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीने २०१९ च्या ‘बिस्मिल्लाह’मध्ये ब्रास वाद्यं अशी वापरली आहेत की लग्नाच्या बँडची आठवण यावी, त्यातल्या ‘फ्लोटेड बाय’चा व्हिडिओ तर गायकाच्या खऱ्याखुऱ्या लग्नात चित्रित झाला. मुंबईचा अभंग रिपोस्ट तुकोबा-नामदेवांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमवर घेतो. काश्मिरी चालतं, वरात चालते, अभंग चालतो. मग अहिराणी का नाही?

इथे बँड उभे राहत नाहीत त्याची कारणं लोक पटापट सांगतात: श्रोते नाहीत, पैसा नाही, घरचे ऐकत नाहीत. मला ही तिन्ही अर्धवट वाटतात. गॅदरिंगला पोरं जमतात, चार गाणी बसवतात, स्टेज हलवून सोडतात. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात पाश्चात्त्य गायनासाठी जागा आहे आणि पोरं तिथे उभी राहतात. पदवीनंतर गिटारवाला पुण्याला जातो, हेही खरं. पण जो मागे राहतो त्याचं काय अडतं? त्याला खोली मिळत नाही. ड्रमसेट ठेवायला, आवाज करायला, रोज संध्याकाळी दोन तास चुकायला चार भिंती हव्यात. धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या, कॅप्टन ब्रिग्जने आखून दिलेल्या, नंबरांच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागलेली घरं आहेत. तिथे एक सिंबल वाजली तर तीन घरं दारात येतात. मी स्वतः एका सभागृहाकडे दुपारच्या रिकाम्या वेळेसाठी अर्ज केला होता. ‘कार्यक्रम कोणता?’ या रकान्यात ‘सराव’ लिहिलं म्हणून तो परत आला.

श्रोते नाहीत हे कारण तर अहिराणीने पुसूनच टाकलं आहे. इंडीचा मूळ अर्थ आठवा: स्वतःचा पैसा, स्वतःचं रेकॉर्डिंग, स्वतःची विक्री. या अर्थाने महाराष्ट्रात सर्वांत जोरकस इंडी चळवळ कुठे झाली असेल, तर ती खान्देशात. सचिन कुमावत यांचं ‘बबल्या ईकस केसावर फुगे’ घ्या. केसांच्या बदल्यात फुगे देत गावोगाव फिरणारा फेरीवाला हा त्याचा विषय. कोणत्या मोठ्या कंपनीने या विषयावर पैसा लावला असता? विनोद कुमावत यांचं ‘हाई झुमका वाली पोर’ कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. शूटिंग शेतात, नाचणारी पोरं ओळखीची, प्रसिद्धी यूट्यूबवर, आणि श्रोता जळगाव-धुळ्यापासून सुरतेच्या उधना-लिंबायतपर्यंत पसरलेला. २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ने जो धुमाकूळ घातला तो संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा आणि त्याचा संगीतकार म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. दोन भाऊ, एक लॅपटॉप. पलीकडे धुळ्यापासून तासाभरावरच्या मालेगावात नासिर शेखने याच हिकमतीवर ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला होता. ही या पट्ट्याची सवयच आहे: कोणी बोलावण्याची वाट न पाहता काम सुरू करायचं.

माझे रॉकवाले मित्र या गाण्यांना नाकं मुरडतात आणि इथे मी त्यांच्याशी भांडतो. इंग्लंडमधल्या रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानाच्या गोष्टी भक्तिभावाने सांगणाऱ्याला आपल्या तालुक्यातलं स्वतंत्र संगीत दिसू नये, ही जाणकारी कसली? तक्रार दुसरी करता येईल आणि ती मीही करतो. अहिराणीवाल्यांनी बाजार स्वतःचा केला, आवाज मात्र अजून उसना ठेवला आहे. तोच ठेका, तेच की-बोर्डचे तयार टोन, गळ्यावर तोच ऑटोट्यून. दहा गाणी ओळीने लावली तर गाणं कधी बदललं ते कळत नाही. ज्याला कोणाचीच परवानगी घ्यायची नाही त्याने एवढं सावध का राहावं?

आणि उसना आवाज घ्यायची गरज काय, असं आमच्या भागाकडे कान लावून पाहिलं तर वाटतं. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे, कोकणी आदिवासी समाजात थाळीवर कथा सांगतात. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवलेली असते. वादक दोन्ही हातांची बोटं त्या काडीवरून वरून खाली ओढत राहतो, एकामागून एक, न थांबता. त्यातून एक गुणगुण निघते. ती कुठून येते ते डोळ्यांना कळत नाही. थाळीतून, जमिनीतून, की ऐकणाऱ्याच्याच कपाळातून. त्या स्वरावर कथा रात्रभर चालते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ‘टुमॉरो नेव्हर नोज’च्या तंबोऱ्याची आठवण झाली, आणि लगेच लाज वाटली की क्रम उलटा लागला. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा, बांबू आणि शिंग यांचं हे वाद्य, वाजवणारा दम तुटू देत नाही, आणि त्या आवाजात माणसाच्या अंगात वारं येतं. सातपुड्यात काठीच्या राजवाडी होळीला अंगाएवढे ढोल रात्रभर घुमतात आणि होळी पेटते पहाटे. सखल भागात यावं तर जात्याची घरघर आणि तिच्यावर बायांच्या ओव्या. असोद्याच्या बहिणाबाईंची कविता याच घरघरीवर तोललेली आहे, हे ती मोठ्याने म्हणून पाहिलं की कळतं.

यात एक सावधगिरी हवी. डोंगऱ्या देव हा लोकांचा देव आहे, आपल्या गिटारमागे लावायचा देखावा नाही. फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून त्याखाली ड्रम लावणारे येऊन गेले आहेत, येत राहतील. याउलट एक उदाहरण आपल्याच भागातलं आहे. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडच्या २००० सालच्या ‘कंडिसा’ अल्बममध्ये ‘मां रेवा’ आहे. बँडचा बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात कार्यकर्ता होता, नर्मदाकाठच्या गावांत राहिला होता, आणि हे गाणं त्याने तिथे ऐकून आणलं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रात आधी गेलेलं मणिबेली हे गाव त्या वेळी धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. भारतातल्या एका मोठ्या रॉक अल्बममधल्या गाण्याचं मूळ आपल्या जुन्या जिल्ह्याच्या नदीत आहे आणि धुळ्यात हे ठाऊक असलेली माणसं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

जगात हे असंच घडत आलं आहे. १९७० च्या दशकात झांबियाच्या तांब्याच्या खाणींच्या गावांतून विच, अमानाझ असे बँड निघाले; फझ गिटार पाश्चात्त्य, ठेका स्वतःचा. त्याला आज झॅमरॉक म्हणतात. तुर्कस्तानात एर्किन कोराय आणि बारिश मांचो यांनी अनातोलियाच्या खेड्यांतल्या चाली विजेच्या साझवर घेतल्या. मघाशी केळीच्या मळ्यात ज्याचं नाव आलं तो खुर्आंगबिन टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, पण त्याने जुन्या थाई गाण्यांवरून आपला बाज बनवला. नावही थाई, अर्थ विमान. यातल्या कोणाकडेही मोठ्या सोयी नव्हत्या. प्रत्येकाकडे एक वाद्य होतं जे शेजारच्याकडे नव्हतं.

आपल्याकडे ते वाद्य आहे. बेंजो. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तयार झालेलं ताइशोगोतो भारतात येऊन बुलबुल तरंग झालं आणि आपल्याकडे बेंजो झालं. टाइपरायटरसारखी बटणं डाव्या हाताला, तारा उजव्या हाताला, आत पिकअप बसवलेला, वायर ॲम्प्लिफायरमध्ये, ॲम्प्लिफायर भोंग्यात. भोंग्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. मधले आणि वरचे सूर कोंबून बाहेर पडतात आणि वाटेत फाटतात. परदेशात हाच फाटलेपणा मिळवण्यासाठी पेडलवर हजारो रुपये खर्च करतात.

आणि खोलीचा प्रश्नही, मला वाटतं, याच वाटेने सुटतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. मधले सणावारांचे दिवस सोडले तर लग्नाच्या बँडची गाडी उभी असते. गावाबाहेर पत्र्याचं शेड, त्यात ॲम्प्लिफायर, ऑक्टापॅड, ड्रम, बेंजो, की-बोर्ड, ताडपत्रीखाली झाकलेले. आजूबाजूला शेत, तक्रार करायला कोणी नाही. वाजवणारे हात शेतीच्या कामाला लागलेले, पण संध्याकाळी मोकळे. पारोळा, अमळनेर, शिरपूर, चाळीसगाव, कुठेही जा, असं शेड आहे.

गेल्या वर्षी श्रावणात आम्ही तिघे अशा एका शेडमध्ये गेलो. अमळनेरचा तो मित्र, एक ड्रमवाला मुलगा आणि मी. पाऊस पत्र्यावर इतका जोरात होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. बेंजोवाले मामा साठीच्या पुढचे. आम्ही गिटारचा जुना फेझर पेडल नेला होता. त्यांनी तो उलटा करून पाहिला, वायर कुठे घालायची ते विचारलं आणि बेंजो मांडीवर घेतला. आधी त्यांनी एक आखाजीचं गाणं सावकाश वाजवलं. सूर लाटेसारखा फिरू लागला तेव्हा ते थांबले, पेडलकडे पाहिलं, परत वाजवलं. मग मी फोनवरून परवाझचं एक गाणं भोंग्यावर लावलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. म्हणाले, “हाई ते आम्हना बेंजोसारखंच वाजी राहिनं,” आणि ड्रमवर बसलेल्या पोराला विचारलं, “काळी कोणती धरू? दुसरी का चौथी?”

पोराने माझ्याकडे पाहिलं. मला काळी कळत नव्हती, मला सी शार्प कळत होतं. अमळनेरवाल्याने की-बोर्डची ताडपत्री उचलली, एक पट्टी दाबून धरली, आणि मामांनी त्या सुराला बेंजोच्या तारा लावायला घेतल्या.